गारगोट्या-शिंपल्यांची शाळा

मुलांच्या सर्जनशीलतेला वाव द्यायचा तर महागडे रंग, गुळगुळीत कागद आणि परदेशी बनावटीची साधने हवीतच, असा समज शहरी पालकांत रुजला आहे. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी या समजाला आपल्या हयातीतच कृतीने उत्तर देऊन ठेवले होते.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जन्मलेल्या ताराबाई या प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते सदाशिव पांडुरंग केळकर यांच्या कन्या. स्त्रीशिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळात, १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचा संसार मोडला आणि पदरी लहान मुलगी असताना त्यांनी राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. हे प्रतिष्ठेचे पदही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालशिक्षणाचा अभिनव प्रयोग करीत होते. मूल हे रिकामे भांडे नसून स्वतःच्या गतीने घडणारी स्वतंत्र व्यक्ती आहे, हा मारिया माँटेसोरी यांचा विचार दोघांनाही भावला होता. १९२६ मध्ये त्यातूनच नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

मात्र माँटेसोरींची साधने महाग होती आणि त्यामुळे हे नवे शिक्षण सुखवस्तू घरांपुरतेच उरण्याचा धोका होता. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत राहतात, तेथे असे शिक्षण मूठभरांचीच चैन ठरेल, ही बोच ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. अखेर १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या.

ताराबाईंच्या कार्याचा खरा कस लागला तो येथे. साधने विकत आणण्याऐवजी त्यांनी ती परिसरात शोधली. किनाऱ्यावरचे शिंपले, गारगोट्या, झाडांच्या बिया, पाने, फुले, माती हेच शाळेचे साहित्य झाले. शिंपले लहानमोठे लावताना मुलाला आकारमान कळते, बियांच्या ओळी मांडताना मोजणी येते, पानाफुलांची नक्षी रचताना रंगसंगतीची जाण येते. मातीला आकार देणाऱ्या बोटांना तर पुढे लेखणी धरण्याची तयारी आपोआप लाभते. शिवाय ही सामग्री फुकटची, त्यामुळे बिघडण्याची भीती नाही. मोडले तर पुन्हा मांडता येते. चुकण्याची मुभा असल्याखेरीज मूल नवे काही करून पाहत नाही, हे सर्जनशीलतेचे मर्म या साध्या साहित्यात दडलेले आहे.

पण साहित्य आले तरी मूल शाळेत येईलच असे नव्हते. तेव्हा शाळाच मुलांच्या वस्तीत, अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा जन्म असा झाला. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथील वारली मुले गुरे राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणातच जाऊ लागले आणि कुरणशाळा भरू लागली. ज्यांच्या घरच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे रेखाटली जातात, त्या मुलांना कला बाहेरून आणून देण्याची गरजच नव्हती. गरज होती ती त्यांच्या जगाला शाळेत मान मिळण्याची.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचवले. नाव सर्वदूर गेले, पण त्यामागील दृष्टी तितकी पोहोचली का, हा प्रश्न उरतोच. आजही अनेक बालवर्गांत छापील चित्रात रेषेबाहेर न जाता रंग भरणे यालाच चित्रकला म्हटले जाते आणि स्पर्धेतील बक्षिसासाठी मोठ्यांचा हात मुलाच्या कागदावर फिरतो. मूठभर बिया आणि चार पाने मुलापुढे ठेवून आपण थोडे मागे सरकावे, एवढीच ताराबाईंच्या मार्गाची मागणी आहे. ती पुरी करण्यास पैसा लागत नाही, धीर मात्र लागतो.