रहीम साहेब : मैदानावरचे मास्तर



आपल्या कुकटपल्लीत कोचिंग म्हटले की आयआयटीच्या क्लासेसच्या पाट्याच डोळ्यांसमोर येतात. पण याच हैदराबाद शहरात एक वेगळे कोच होऊन गेले. त्यांनी भारताला फुटबॉलमध्ये दोन वेळा आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे अनेकांना ते ठाऊक झाले. पण ते मूळचे शाळामास्तर होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते फुटबॉल खेळत. पदवीनंतर त्यांनी शाळेत शिकवण्याची नोकरी धरली आणि पुढे शारीरिक शिक्षणाकडे वळले. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिस संघाला शिकवू लागले. या संघाने मुंबईची मानाची रोव्हर्स कप स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली.

त्यांची शिकवण्याची पद्धत अस्सल मास्तरांची होती. ज्याचा उजवा पाय चांगला, त्याने फक्त डाव्या पायाने खेळायचे, अशा स्पर्धा ते भरवत. काही सामन्यांत चेंडू पायाशी ठेवून एकट्याने पुढे पळण्याची मनाईच असे. तो लगेच सोबत्याकडे द्यावा लागे. कच्ची बाजू झाकायची नाही, तिचाच सराव करायचा आणि एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून खेळायचे, हा त्यांचा पाठ होता.

१९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई खेळांत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवले. मात्र पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव झाला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. या पराभवाने रहीम साहेब खचले नाहीत. त्यांनी युरोपातील संघांच्या नव्या चाली अभ्यासल्या आणि आपल्या मुलांना शिकवल्या. त्याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मिळाले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले, भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले आणि अखेर चौथा क्रमांक मिळवला. सिकंदराबादचे तुळशीदास बलराम हेही त्या संघात होते.

त्यांची खरी परीक्षा १९६२ साली जकार्तात झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार झाली. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले आणि गोलरक्षक थंगराज तापाने आजारी पडले. राजकीय वादामुळे प्रेक्षकही भारताच्या विरोधात होते. अशा वेळी रहीम साहेबांनी जखमी जर्नेलसिंगना चक्क आघाडीवर खेळवले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले, आणि त्याच दक्षिण कोरियाला २-१ ने नमवून भारताने सुवर्णपदक पटकावले.

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीम साहेबांचे निधन झाले. आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर आजवर मिळालेले नाही.

पालकहो, परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला द्या, अशी मागणी होते. आपली काळजी मी समजू शकतो. परंतु हरल्यावर पुन्हा उभे राहणे, आपली कच्ची बाजू ओळखणे आणि सोबत्याला पुढे जाऊ देणे हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. त्यासाठी मैदानच हवे. म्हणून पी.टी.चा तास दहावीपर्यंत कायम राहावा, अशी विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे.

आणि मुलांनो, उद्या मैदानावर उतराल तेव्हा चेंडू एकदा डाव्या पायाने मारून पाहा. पहिल्यांदा तो भलतीकडेच जाईल. जाऊ द्या, परत आणा आणि पुन्हा मारा.

– मुख्याध्यापक