पंडिता रमाबाईंची आठ वर्षे

पालघर व बोईसर-तारापूर ह्या बाजूच्या मंडळ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. केडगावचे मुक्ति मिशन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली, विधवांसाठी उघडलेली शाळा हे सर्व आपले उपदेशक बंधू सांगत असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बाईंच्या चरित्रातील एक गोष्ट क्वचितच सांगण्यात येते. ती ही की, बाप्तिस्मा झाल्यावर सुमारे आठ वर्षेपर्यंत ह्या विदुषी बाईंच्या अंतःकरणाला देवाशी समेट झाल्याची शांती नव्हती. त्या प्रार्थना करीत, शास्त्र वाचीत, परोपकारही करीत. आणि तरी आत ओझे होते. आम्ही विशेषेकरून त्या आठ वर्षांविषयीच लिहिणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व भाविक ब्राह्मण होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असे लोक म्हणत असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, आणि मातेने मुलीला शिकविले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर फिरू लागले. जे द्रव्य होते ते पुण्यप्राप्तीसाठी दानधर्मात गेले, आणि मग दुष्काळाने त्यांना गाठले. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडिलांनी जलसमाधी घेण्याचाही बेत केला होता. १८७४ साली थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे निवर्तली. उरलेली बहीणभावंडे अनवाणी हजारो मैल चालली. उत्तरेकडे झेलम नदीच्या तीरी थंडीपासून बचावासाठी वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. ह्या लोकांच्या भक्तीला कोणी हसू नये. इतके कष्ट देवासाठी आपल्यापैकी किती जणांनी सोसले आहेत? तथापि इतके करूनही पापाचा भार हलका झाला नाही, ही गोष्ट बाईंनी मागाहून स्वतःच लिहून ठेविली आहे.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी लग्न केले. कन्या मनोरमा झाली. आणि १८८२ साली पटकीने पती गेले. पतीच्या पुस्तकांत बाईंना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ख्रिस्ताची पहिली ओळख ती. नंतर बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज गावच्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला. पतित स्त्रियांना ह्या भगिनी प्रेमाने वागवितात हे लंडनच्या फुलहॅम भागात पाहून बाईंनी त्याचे कारण विचारले; तेव्हा शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्यापुढे वाचण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथे आपल्यापैकी पुष्कळ जण चरित्र संपवितात. बाप्तिस्मा झाला, काम झाले! परंतु बाईंचे काम येथे झाले नव्हते.

त्यांची बुद्धी मोठी चौकस होती. प्रत्येक मताची त्या छाननी करीत, भगिनींशी पत्रद्वारे वाद घालीत. नाना पंथ व त्यांचे निरनिराळे उपदेश पाहून त्या गोंधळूनही जात. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांच्या ग्रंथाने व व्याख्यानांनी पुष्कळ मित्र मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. बाहेरून पाहणारास वाटावे की ह्या बाईंना आणखी काय पाहिजे? कीर्ती होती, सेवा होती, धर्मही होता. परंतु त्यांस कळून चुकले होते की आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही.

सुमारे १८९१ साली हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा पाळक कॉर्नवॉल प्रांतातील बाल्ढू गावी होता. देवळे बांधण्याचा व विधी नीट चालविण्याचा त्यास मोठा उत्साह. त्याचा माळी आजारी पडला, आणि आजारात त्या माळ्याला पापक्षमेची खात्री झाली. धन्याला ही गोष्ट आवडली नाही, कारण जे माळ्याला मिळाले ते आपणापाशी नाही हे त्याच्या लक्षात येऊ लागले. शेवटी १८५१ साली एका रविवारी उपदेश करीत असता आपल्याच शब्दांनी तो स्वतः टोचला गेला, आणि उपदेशासनावरच त्याचे मन पालटले. पाळक तारला गेला अशी आरोळी समोर बसलेल्यांतून उठली, असे तो सांगतो.

हे वाचून बाई दचकल्या, ह्यात नवल नाही. पाळकाची ही गत, तर आपली काय? चोरी, मद्यपान, व्यभिचार असले पाप बाईंच्या कहाणीत कोठे नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांचे गुप्त पाप निराळे होते: आपली विद्या, आपला विचार, आपली सत्कृत्ये ह्यांच्या बळावर देवापुढे उभे राहता येईल हा भरवसा. असे पाप फार खोल दडते, कारण लोक त्याला पाप म्हणत नाहीत, उलट त्याची वाहवा करतात. रात्री गुपचूप भगताकडे जाणारा किंवा ताडीच्या दुकानी बसणारा निदान मनात लाजतो. उपदेशकाच्या अंगरख्याखाली दडलेल्या गर्वाला लाज कोण आणणार? बाईंचे सर्व उपाय थकले. विचार करून काही निष्पन्न होईना. तेव्हा आपण पापी व असमर्थ आहो हे त्यांनी देवापुढे कबूल केले आणि कोणतीही अट न घालता स्वतःस तारणाऱ्याच्या हाती दिले. क्षमा ही मेल्यानंतर मिळायची आशा नसून आजच घ्यावयाची देणगी आहे, असे त्यांस शास्त्रावरून दिसले. आई, वडील व बहीण जी शांती शोधीत रस्त्यावर मेली, ती पुण्यात आपल्या घरी बसल्या ठिकाणी मिळाली.

बाहेरची संकटे मात्र टळली नाहीत. १८९३ साली शारदासदनातील मुलींच्या धर्माविषयी पुण्यात मोठा गहजब होऊन सल्लागार मंडळी निघून गेली. बाई डगमगल्या नाहीत. मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळातून, व पुढे १९०० साली गुजरातेतून, त्यांनी शेकडो मुली केडगावास आणल्या. गुजरातेतून मुंबईकडे येणारा लोहमार्ग आपल्या बोईसर-पालघरावरूनच जातो. त्या भुकेल्या पोरी ह्याच वाटेने गेल्या असाव्या.

१९०५ च्या आरंभी बाईंनी मुक्तीत रोजची प्रार्थनासभा सुरू केली. प्रथम सुमारे ७० जणी जमत; जूनपर्यंत ती संख्या शेकड्यांवर गेली. ३० जून रोजी बाई योहानाच्या आठव्या अध्यायावर शांतपणे शिकवीत असता मुली रडू लागल्या व मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि बाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस मुली दडवून ठेविलेली पापे कबूल करीत होत्या. कोणी ह्यावरून असे समजू नये की प्रत्येकाने सभेत उभे राहून आपले सर्व काही सांगितलेच पाहिजे. कोणा उपदेशकाने मंडळीवर तशी सक्ती केली, तर ती आम्हांस मान्य नाही. ज्याचे आपण नुकसान केले त्याच्या दारी एकट्याने जाणे हे सभेत रडण्यापेक्षा कठीण असते, आणि बहुधा तेच अधिक खरे असते. मुक्तीत बाईंनी कोणास भाग पाडले नाही. आपण स्वतः त्या वाटेने गेलेल्या असल्यामुळे, रडणाऱ्या मुलीस घाईने गप्प करू नये हे त्या जाणून होत्या.

उतारवयात मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हेच त्यांचे मुख्य काम झाले. खेड्यातील साध्या बाईलाही समजावे अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूकडे गेल्या. ते शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापून बाहेर पडले.