यंत्रांना नक्कल शिकविणारा गणिती : ॲलन ट्यूरिंग

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कलबुर्गीला मामांकडे गेलो होतो. मामांनी एकेकाळी तेथे संगणकाचे वर्ग चालविले होते. ते वर्ग बंद होऊन बरीच वर्षे लोटली आणि यंत्रे भंगारात गेली. मात्र यंत्रे विकण्यापूर्वी त्यांतील सर्व फाइली मामांनी एका सीडीवर उतरवून ठेविल्या होत्या. ती सीडी माझ्या हाती देऊन, तू संगणकच शिकतोस तर यातले काही चालते का बघ, एवढेच ते म्हणाले.

माझ्या लॅपटॉपला सीडीची सोयच नाही. शेजारच्या एका जुन्या संगणकावरून फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. त्यांत डिगर नावाचा खेळ सापडला. कॅनडातील विंडमिल सॉफ्टवेअरने १९८३ साली काढलेला हा खेळ. जमिनीत बोगदे खणीत पाचू गोळा करावयाचे आणि सोन्याच्या थैल्या राक्षसांच्या डोक्यावर पाडावयाच्या. मी मोठ्या उत्साहाने तो सुरू केला, पण यंत्राने साफ नकार दिला. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्तीवर डॉसच्या काळातील १६ बिटांच्या आज्ञावल्या चालत नाहीत, हे मला तेव्हा कळले. मग डॉसबॉक्स ही मोफत मिळणारी आज्ञावली आणली, फाइलींचा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडला आणि खेळ उघडला. उघडला खरा, पण तो इतक्या वेगाने धावू लागला की, मी बटण दाबण्यापूर्वीच माझा खणणारा मरून पडे! कारण साधे होते. हा खेळ लिहिला गेला तो ४.७७ मेगाहर्ट्झच्या आयबीएम पीसीसाठी. यंत्राचा मंदपणा हेच त्याचे घड्याळ. कंट्रोल आणि एफ-११ ही बटणे दाबीत डॉसबॉक्सची गती उतरवीत नेली. सायकल्सचा आकडा तीनशेच्या आसपास आला, तेव्हा कोठे खेळाला त्याची मूळची चाल सापडली.

खेळ चालला, पण मनात प्रश्न राहून गेला. जे यंत्र माझ्यापाशी नाहीच, त्या यंत्राची आज्ञावली माझ्या यंत्राला कळली कशी? सुट्टीनंतर महाविद्यालयात आमच्या सरांना विचारले. त्यांनी लांबलचक उत्तर न देता एका माणसाचे चरित्र वाचावयास सांगितले. तो माणूस म्हणजे ॲलन ट्यूरिंग. डॉस जन्माला येण्याच्या २७ वर्षे आधीच तो मरण पावला होता.

ट्यूरिंगचे घराणे हिंदुस्थानाशी बांधलेले होते. वडील ज्युलिअस हे मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. आई सारा ही मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता एडवर्ड स्टोनी यांची कन्या. या स्टोनींनी बांधलेल्या कामांत तुंगभद्रेवरील रेल्वेपुलाचेही नाव घेतले जाते. कलबुर्गीहून रायचूरमार्गे दक्षिणेकडे जाताना आपण तुंगभद्रा ओलांडतो. त्या नदीशी आधुनिक संगणकशास्त्राच्या आद्य पुरुषाच्या आजोबांचा संबंध होता, हे वाचून मला तरी नवल वाटले.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील इकडे नोकरीवर. ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन तिकडे एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात वाढले. आई मधूनमधून भेटे, पुन्हा बोटीने निघून जाई. मुलगा एकलकोंडा झाला. १९२६ साली शेरबोर्नच्या शाळेत प्रवेश घेतला, तो दिवस नेमका इंग्लंडातील सार्वत्रिक संपाचा. गाड्या बंद! तेव्हा या मुलाने साउदॅम्प्टनहून सुमारे ९५ किलोमीटर सायकल मारीत, वाटेत एक मुक्काम करून शाळा गाठली. पण शाळेत त्याचे कौतुक झाले नाही. अक्षर गचाळ, वह्यांवर शाईचे डाग, इंग्रजीत मागे. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचून थोडा धीर यावा.

शाळेत त्याला एकच जिवलग मित्र लाभला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. दोघे मिळून तारे पाहात, गणिते सोडवीत. १९३० च्या फेब्रुवारीत मॉरकॉम क्षयाने गेला. मित्राचे मन देहाबरोबर संपले की कोठे उरले, या विचाराने ट्यूरिंगला पछाडले. मन आणि यंत्र यांच्या नात्याविषयी त्याने पुढे जे लिहिले, त्याचे मूळ अनेक अभ्यासक या दुःखात शोधतात.

१९३१ साली तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला आणि अवघ्या २२ व्या वर्षी तेथील फेलो झाला. १९३६ साली त्याने तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावीत. असा माणूस नेमके काय करतो, याचा ट्यूरिंगने विचार केला. तो कागदावरचे एक चिन्ह पाहतो, मनातला नियम आठवतो, चिन्ह बदलतो आणि पुढे सरकतो. मग हेच काम करणारे एक काल्पनिक यंत्र त्याने मांडले. एक लांबच लांब पट्टी, तिच्यावर चौकोन, एका वेळी एकच चौकोन वाचणारे डोके आणि नियमांचा एक तक्ता, बस्स.

खरी गंमत यापुढे आहे. कोणत्याही यंत्राचा नियमांचा तक्ता हादेखील चिन्हांनीच लिहिता येतो. म्हणजे तो पट्टीवर मांडून दुसऱ्या यंत्राला वाचावयास देता येतो. असे वाचून कोणत्याही यंत्रासारखे वागणारे एकच सार्वत्रिक यंत्र असू शकते, हे ट्यूरिंगने सिद्ध केले. माझा डॉसबॉक्स दुसरे काय करतो? जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचतो, तो काय करता हे पाहतो आणि तेवढेच आपल्या यंत्राकडून करवून घेतो. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि मित्रांत दखनी बोलणाऱ्या आपल्या सीमाभागातील माणसाला दुभाष्याचे हे काम समजावून सांगावयास नको.

त्याच निबंधातून आणखी एक गोष्ट निघते. कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधीतरी थांबेल की कायमची फिरत राहील, हे अगोदरच अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. जुना खेळ अडकला की आपण बटणे दाबून, आकडे बदलून, पुन्हा चालवून पाहतो. पुष्कळदा त्यावाचून गत्यंतर नसते, याला असा गणिती आधार आहे!

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथे रुजू झाला. जर्मनांचे एनिग्मा हे सांकेतिक यंत्र फोडण्याचे काम पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच सुरू केले होते. त्या पायावर ट्यूरिंगने बॉम्ब नावाचे शोधयंत्र रचले आणि गॉर्डन वेल्चमन याने त्यात मोलाची भर घातली. जर्मन नौदलाचे संदेश वाचण्याची जबाबदारी ट्यूरिंगच्या विभागाकडे होती. अटलांटिकवरील जहाजे पाणबुड्यांपासून वाचविण्यात त्याचा मोठा वाटा होता. पण हे सारे गुप्त राहिले. १९५९ साली आईने मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या युद्धकाळातील कामाचे स्वरूप तिलाही ठाऊक नव्हते.

युद्धानंतर त्याने प्रत्यक्ष संगणकाचा आराखडा केला आणि १९४८ पासून तो मँचेस्टर विद्यापीठात काम करू लागला. याच सुमारास डेव्हिड चँपरनाउन या मित्रासह त्याने बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली रचली. ती चालवील असे यंत्र मात्र नव्हते. तेव्हा १९५२ साली ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाला! नियम वाचून, कागदावर हिशेब करून तो एकेक चाल ठरवी. एका चालीला अर्धा अर्धा तास लागे. समोर ॲलिक ग्लेनी हा सहकारी होता. २९ चालींनंतर आज्ञावली हरली. पुढे ती संगणकावर पुन्हा उभी करण्यात आली, तेव्हा तिच्या काही चाली १९५२ च्या नोंदीशी जुळेनात. आधी वाटले, नव्या जुळणीत चूक असावी; मग ध्यानात आले की, स्वतः ट्यूरिंगनेच काही ठिकाणी हिशेब पुरता केला नव्हता. यंत्र झालेला माणूस शेवटी माणूसच राहिला होता. २०१२ साली मँचेस्टरमध्ये गॅरी कास्पारॉव्ह या आज्ञावलीशी खेळला आणि १६ चालींत जिंकला.

आता दुःखाचा भाग. १९५२ च्या आरंभी ट्यूरिंगच्या घरी चोरी झाली व त्याने पोलिसांत वर्दी दिली. चौकशीत एका तरुणाशी असलेले त्याचे संबंध उघड झाले. तेव्हाच्या इंग्रजी कायद्याने पुरुषांमधील असे संबंध गुन्हा होते. चोरीची फिर्याद देणारा स्वतःच आरोपी झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्याला वर्षभर संप्रेरकांचे उपचार घ्यावे लागले आणि गुप्त कामाची दारे त्याला बंद झाली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा अंत झाला. वय अवघे ४१. चौकशीत आत्महत्येचा निर्णय दिला गेला. आईने मात्र तो अपघातच मानला. २००९ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांनी सरकारतर्फे क्षमा मागितली, २०१३ साली राजमाफी मिळाली. याच परंपरेतील ३७७ वे कलम इंग्रजांनी आपल्याही दंडसंहितेत घातले होते. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरविले. यंत्राला माणसाची नक्कल जमेल का, हे शांतपणे विचारणाऱ्या माणसाला माणसांनीच वेगळेपणाबद्दल शिक्षा करावी, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये.

संक्रांतीला मी पुन्हा कलबुर्गीला गेलो. मामांच्या फाइलींत जीडब्ल्यू-बेसिकमध्ये लिहिलेली एक आज्ञावली होती. मुलांना पाढे विचारण्यासाठी ती त्यांनी स्वतः लिहिली होती. डॉसबॉक्समध्ये ती उघडली. रोमन लिपीतल्या मराठीत तिने नाव विचारले, मग सतरा आठे किती ते विचारले. मामा भराभर उत्तरे देत गेले. दहा प्रश्न झाले आणि ती थांबली. गुण दाखविलेच नाहीत. बिघाड माझ्या मांडणीत असावा असे वाटून मी आकडे चाळू लागलो. मामा म्हणाले, तुझे काही चुकले नाही, ते काम राहूनच गेले होते. त्याच सुमारास वर्ग बंद झाले.

मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी चष्मा पुसला आणि उरलेल्या तीन ओळी लिहून काढल्या.