साबू : पडद्यावरचा राजपुत्र, मायभूमीतला परका

म्हैसूर संस्थानातील कारापूर येथे १९२४ साली एका माहुताच्या घरी साबूचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि हत्तीखाना हेच त्याचे घर झाले. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या चमूने त्याला तेथूनच ‘एलिफंट बॉय’ या ब्रिटिश चित्रपटासाठी निवडले. १९३७ साली हा चित्रपट झळकला आणि निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांना नवा बालतारा गवसला.

पुढच्याच वर्षी कोर्डा यांनी वायव्य सरहद्दीवरील ‘द ड्रम’ हा भव्य रंगपट काढला. त्यात साबू ब्रिटिशांशी इमान राखणारा राजपुत्र अझीम झाला, तर बंड करणारा त्याचा काका घुल खान खलनायक ठरला. ब्रिटिश प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. मुंबई आणि मद्रासमध्ये मात्र त्याविरुद्ध तीव्र निदर्शने झाली व तो पडद्यावरून उतरवावा लागला. या रोषाला कारण होते. त्या वेळी सरहद्द प्रांतात डॉ. खानसाहेबांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते आणि त्यांचे बंधू खान अब्दुल गफार खान पठाणांना अहिंसेची दीक्षा देत होते. अशा काळात पठाणांना कपटी आणि रक्तपिपासू रंगवणे, हा स्वराज्याच्या मागणीचाच अवमान वाटला. राजपुत्राची भूमिका करणारा साबू तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता.

महायुद्धामुळे ‘द थीफ ऑफ बगदाद’चे उर्वरित चित्रीकरण अमेरिकेत हलवावे लागले. साबू तेथेच स्थिरावला. १९४४ साली त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले, पॅसिफिक आघाडीवर बॉम्बफेकी विमानांत तोफची म्हणून कामगिरी बजावली आणि शौर्यपदक मिळवले. १९४७च्या ‘ब्लॅक नार्सिसस’मध्ये तो पुन्हा ब्रिटिश पडद्यावर दिसला, मात्र त्यानंतर मोठ्या भूमिका दुर्मीळ होत गेल्या.

मेहबूब खान यांनी ‘मदर इंडिया’तील बिरजूच्या भूमिकेसाठी साबूला पसंती दिली होती. परंतु परदेशी नागरिक असल्याने त्याला भारतात काम करण्याचा परवाना मिळाला नाही. अखेर ती भूमिका सुनील दत्त यांनी अजरामर केली. दूरदेशी नाव कमावलेल्या या माहुतपुत्राला जन्मभूमीत काम करण्यासाठी कागद हवा होता, आणि तो कागद आलाच नाही.

२ डिसेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. जगभर भारताचा चेहरा म्हणून ओळखल्या गेलेल्या साबूच्या नावावर एकही भारतीय चित्रपट नाही.