एर्लांग : टेलिफोनच्या गर्दीचा हिशेब मांडणारे शिक्षक

गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्रीं पनवेल स्टेशनावर कोंकणांत निघालेल्या मंडळींची जी दाटी होते, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हा अनुभव नवा नाहीं कीं मोबाइलवर सिग्नलच्या साऱ्या रेघा दिसत असतात आणि घरीं फोन मात्र लागत नाहीं. आपण यंत्रास दोष देतों. वस्तुतः त्या वेळीं एकाच मनोऱ्याकडे इतकीं माणसें धांव घेत असतात कीं सर्वांस पुरेल इतकी जागाच त्याजपाशीं उरत नाहीं. या गर्दीचें गणित ज्यांनीं प्रथम नीट मांडलें, ते आग्नर क्रारूप एर्लांग हे डेन्मार्क देशांतील गृहस्थ मूळचे शाळामास्तर होते. त्यांच्या नांवाचें माप आमच्या देशांतील टेलिफोनचे इंजिनीयर नित्य वापरतात. तथापि त्या नांवामागील माणूस बहुतेकांस अपरिचित आहे, म्हणून हें अल्प चरित्र वाचकांस सादर करीत आहों.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजीं जटलंड प्रांतांतील लोनबोर्ग या खेड्यांत झाला. वडील गांवच्या शाळेंत मास्तर होते. घरीं आग्नर व त्यांचा भाऊ समोरासमोर बसून एकच पुस्तक वाचीत आणि आग्नर यांच्या वांट्यास पुस्तकाची उलटी बाजू येई. तरी त्यांचें वाचन अडत नसे. चौदाव्या वर्षीं, वय कमी म्हणून खास परवानगी काढून, ते विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीनें उतरले. पुढें दोन वर्षें वडिलांच्याच शाळेंत त्यांनीं शिकविलें, मग कोपनहेगनच्या विद्यापीठांत जाऊन १९०१ सालीं गणितांत पदवी मिळविली आणि पुन्हां शिक्षकाचा पेशा पतकरला. अशीं सातएक वर्षें गेलीं. गणितज्ञांच्या मंडळांत योहान येन्सन यांची गांठ पडली नसती, तर तीं तशींच पुढें चालू राहिलीं असतीं. येन्सन हे स्वतः नामांकित गणिती, आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य इंजिनीयर. त्यांच्याच द्वारें एर्लांग १९०८ सालीं कंपनींत आले.

त्या काळीं टेलिफोन हातांनीं जोडीत. मुंबईंतही १८८२ सालीं सुरू झालेली व्यवस्था याच प्रकारची होती. फोन उचलला कीं एक्स्चेंजमधील बाई विचारी, नंबर ऐके, आणि दोरी योग्य भोंकांत खोंची. तेव्हां अडचण दोन ठिकाणीं येई. एक, तारा सर्व गुंतलेल्या. दुसरी, तार मोकळी असूनही ती जोडावयास बाई मोकळी नाहीं. पनवेलच्या ज्या वडीलधाऱ्या मंडळींनीं ट्रंक कॉल लावून ताटकळत बसण्याचे दिवस पाहिले, त्यांस या दोहोंतला भेद समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

तारा किती टाकाव्या व बायका किती नेमाव्या, हें तोंवर अंदाजानेंच ठरे. जास्त टाकाव्या तर पैसा बुडे, कमी टाकाव्या तर लोक ओरडत. १९०९ सालीं एर्लांग यांनीं दाखविलें कीं माणसें एकमेकांस न विचारतां फोन करतात, यास्तव त्यांची गर्दी संभाव्यतेच्या नियमानें चालते. १९१७ सालच्या निबंधांत त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. सरासरीनें एका वेळीं पांच संभाषणें चालतील इतकी मागणी आहे असें समजा. तारा पांचच ठेवल्या तर शंभरांतील सुमारें २८ जण परत फिरतात. दहा ठेवल्या तर दोघेही नाहींत. पांच-पांच तारांचे दोन गट एकत्र केले, आणि दोन्ही गटांची मागणी त्या दहांवर सोडली, तर परत फिरणारे २८ वरून सुमारें २१ वर येतात. मात्र तीच दुप्पट मागणी पांचच तारांवर लादली कीं हा आंकडा ५६ होतो.

हा शेवटला आंकडा आजच्या मोबाइललाही उद्बोधक आहे. चौथ्या पिढीच्या जाळ्यांत मनोरा प्रत्येक सहस्रांश सेकंदाचे बहुधा १४ भाग करतो आणि त्यांतील आरंभींचे एक ते तीन भाग केवळ हुकमांसाठीं राखतो. कोणत्या फोनानें कोठें ऐकावें व केव्हां बोलावें, हें त्यांत असतें. म्हणजे ती एक्स्चेंजमधील बाईच होय. २०११ च्या सुमारास एका फोनास लहरींचे अनेक पट्टे जोडण्याची रीत ठरली. दुसऱ्या पट्ट्यावर शेजारच्या मनोऱ्याच्या गोंगाटानें हुकूम ऐकूं येईनासे होतात, म्हणून ते पहिल्या पट्ट्यावरूनच सोडण्याची सोय झाली. हुकूम कोणत्या पट्ट्याचा हें सांगणारी तीन बिटांची खूण सोबत असते. गोंगाट टळला, परंतु दोन्ही पट्ट्यांचे हुकूम एकाच अरुंद जागेंत येऊन दाटले! दुसऱ्या पट्ट्यावर जागा मोकळी असतांही फोन तिष्ठत राहतो, कारण त्यास बोलावणारें कोणी नाहीं. हुकमांची जागा वाढवावी तर मजकुराची घटते. यास्तव इंजिनीयर निरनिराळ्या फोनांचे हुकूम निरनिराळ्या पट्ट्यांवर वांटून देतात, किंवा एकाच हुकमांत पुष्कळ वेळांची परवानगी देऊन टाकतात. टेलिफोनचे वरील आंकडे येथें जसेच्या तसे लागू पडत नाहींत हें खरें. पण दुखणें त्याच जातीचें आहे.

एर्लांग यांची राहणी साधी होती. त्यांनीं विवाह केला नाहीं. ग्रंथसंग्रहाचा नाद मोठा. आरंभीं हाताखालीं माणसें नसल्यामुळें तारांची मोजमापें घ्यावयास ते स्वतः रस्त्याखालील भुयारांत उतरत, आणि शिडी वाहणारा एक मजूर मागून चाले. गरजू लोक त्यांच्याकडे येत, व कोणास न कळेल अशा बेतानें ते त्यांस मदत करीत. त्यांचे निबंध त्रोटक असत, सिद्धता पुष्कळदां गाळलेली. विद्यार्थ्यांनीं ही संवय मात्र उचलूं नये असें आम्हांस वाटतें. ब्रिटिश पोस्ट खात्यानें त्यांचें सूत्र स्वीकारलें, आणि ते निबंध मुळांतून वाचावयास अमेरिकेंतील एक संशोधक डॅनिश भाषा शिकले असें सांगतात.

वीस वर्षांच्या नोकरींत आजारपणाची रजा त्यांनीं कधींच घेतली नव्हती. १९२९ च्या जानेवारींत पोटाच्या विकारानें त्यांस इस्पितळांत न्यावें लागलें, आणि ३ फेब्रुवारीस वयाच्या ५१ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. १९४६ सालीं आंतरराष्ट्रीय टेलिफोन समितीनें वाहतुकीच्या मापास त्यांचें नांव दिलें. एक तार सबंध तासभर गुंतलेली राहिली, कीं तो एक एर्लांग.