वाटाण्याच्या कुंडीतून उगवलेली अद्भुतनगरी

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात केनवड नावाचे गाव आहे. मृगाचा पाऊस मनाजोगा झाला की तेथील शिवारात सोयाबीन आणि तुरीची पेरणी होते आणि काही दिवसांतच माती फोडून कोंब वर येतात. पेरणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. त्याला काळजी असते ती पुढचा पाऊस वेळेवर येईल की दुबार पेरणीचे संकट ओढवेल याची. शहरातल्या माणसाच्या तर हे दृश्य नजरेसही पडत नाही. अंकुर फुटणे ही सृष्टीतील इतकी नित्याची घटना, की ती थांबून पाहावी असे कुणाला वाटत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एका गृहस्थाला मात्र तसे वाटले. त्याने कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोखून ठेवला आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ टिपली. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांना सारा देश दादासाहेब फाळके या नावाने ओळखतो.

दादासाहेबांनी पुढे पडद्यावर जी सृष्टी उभी केली, ती राम, कृष्ण, हनुमान आणि हरिश्चंद्राची होती. तिच्यात माणूस आकाशातून उडत होता, सोन्याची लंका जळत होती आणि एक बालक महासर्पाच्या फणीवर उभे राहत होते. त्या काळच्या प्रेक्षकांनी या सृष्टीवर जिवापाड प्रेम केले. पण तिची सामग्री शोधू गेल्यास हाती लागतात त्या घरातल्या वस्तू. वाटाण्याची कुंडी, बिछान्यावरची चादर, आगकाड्यांची पेटी, स्वयंपाकघर, खाणावळीतला आचारी आणि पोटची मुलगी. घरच्या या गोष्टींनी ती अद्भुतनगरी घडवली आणि तिची किंमतही घरानेच मोजली. दादासाहेबांच्या चरित्राचे मर्म या दोन गोष्टींत आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. पुराणकथा, स्तोत्रे, कीर्तने यांचे संस्कार घरातच झाले. वडिलांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाल्यावर कुटुंब तेथे आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, मूर्तिकाम अशा अनेक विद्या आत्मसात केल्या. एका विद्येवर समाधान मानण्याचा त्यांचा पिंडच नव्हता. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. पण प्लेगच्या साथीने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यास परतल्यावर धंदा चालेना, कारण कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्यास आयुष्य घटते अशी लोकांची समजूत होती. याच लोकांची पुढची पिढी कॅमेऱ्याने टिपलेल्या देवांना हात जोडणार होती.

या पडत्या काळात त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोगही शिकून घेतले. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ते प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे खेळ करीत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. ही नववधू म्हणजे सरस्वतीबाई. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, ती सोडून लोणावळ्यास छपाईचा कारखाना, मग मुंबईत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स आणि रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी असा त्यांचा प्रवास झाला. लोणावळ्यास असताना राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे कामही त्यांनी केले. रविवर्म्याच्या छापील चित्रांमुळे लक्ष्मी, सरस्वती, राम-सीता यांचे चेहरे त्या वेळी सामान्यांच्या भिंतींवर पोहोचले होते. देव घरात कसा ओळखीचा होतो, याचा पाठ फाळक्यांना तेथे मिळाला असावा. ते पुढे भागीदारांशी मतभेद होऊन या व्यवसायातून बाहेर पडले, तेव्हा वय चाळिशीचे होते आणि हातात काहीच नव्हते.

अशा स्थितीत १९११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता. फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र कृष्ण आणि राम उभे राहिले. आपले देव आपल्या माणसांना असेच हलते-चालते दिसावेत, या विचाराने त्यांना झपाटले. ते रोज चित्रपट पाहू लागले, मिळेल ते साहित्य वाचू लागले, रात्ररात्र प्रयोग करू लागले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली आणि ते पुन्हा त्याच कामाला लागले.

कर्ज देण्यास कोणी सहजी तयार होईना. वाटाण्याच्या रोपाचे ते चिमुकले चित्रण याच खटाटोपातले. बीजापासून रोप होताना पाहून धनिकांचा विश्वास बसू लागला. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे बायोस्कोप या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मदत केली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते हे त्यांनी पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून ते काही आठवड्यांत परतले. पुढे भांडवल अपुरे पडले तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले.

दादरच्या मथुराभवनात राजा हरिश्चंद्र आकार घेऊ लागला आणि फाळक्यांचे घरच कारखाना झाले. कच्ची फिल्म छिद्रांविना येई. रात्री अंधारात बसून तिच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. दिवसा चित्रण चाले, तेव्हा सूर्यप्रकाश नटांच्या चेहऱ्यावर परतवण्यासाठी त्या पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. सारी मंडळी घरीच जेवायला असे. तो स्वयंपाक त्यांच्याकडेच. फिल्म धुण्याचे काम स्वयंपाकघरात होई आणि रसायनांचे प्रमाण त्यांना ठाऊक झाले होते. भारतीय चित्रपटातील पहिली तंत्रज्ञ स्त्री असे त्यांचे वर्णन आज केले जाते. त्या वेळी मात्र हा सारा संसाराचाच भाग समजला गेला.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. कुलीन स्त्रियांचा प्रश्नच नव्हता. ज्यांना समाजाने बाहेर लोटले होते, त्या स्त्रियाही या कामाला तयार झाल्या नाहीत. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेस पडले. नाजूक बांधा आणि निमुळती बोटे असलेला हा तरुण महिना पंधरा रुपयांवर तारामती झाला. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके यांनी केली आणि रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई. म्हणून मंडळींनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगावे, असे ठरले होते. परेश मोकाशी यांच्या २००९ मधील हरिश्चंद्राची फॅक्टरी या चित्रपटाचे नाव या आठवणीवरूनच आले आहे.

जवळपास सात महिन्यांच्या खपानंतर सुमारे ३७०० फूट लांबीचा हा मूकपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईतील ऑलिम्पिया चित्रपटगृहात निवडक पाहुण्यांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी प्रदर्शित झाला. लोकांनी गर्दी केली. फाळक्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला. पाठोपाठ मोहिनी भस्मासुर आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करण्याचा पायंडा पडला. त्यानंतर सत्यवान सावित्री आला. १९१४ मध्ये हे चित्रपट त्यांनी लंडनला नेऊन दाखवले. तेथे काम करण्याची संधी चालून आली असतानाही ते नाशिकला परतले.

मोठ्या पौराणिक चित्रपटांच्या जोडीला ते छोट्या गमतीही करीत. आगकाड्यांची मौज या लघुपटात काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकृत्या करीत. लक्ष्मीचा गालिचा यात नाण्यांची करामत होती. यामागची युक्ती आज शाळकरी मुलेही मोबाइलवर करून पाहतात. वस्तू किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. कुंडीतल्या वाटाण्याला जी वाढ निसर्गाने दिली, तीच गती काड्यांना फाळक्यांच्या बोटांनी दिली. चुलीजवळ पडलेल्या काडेपेटीत एक नाच दडलेला आहे, हे त्याआधी येथे कुणाच्या ध्यानात आले होते?

१९१७ मध्ये आलेल्या लंकादहनाने यशाचा कळस गाठला. साळुंके यांनी या चित्रपटात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. खाणावळीतला हा तरुण रामरूपात पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून नमस्कार करीत. मद्रासला तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी हकीकत सांगितली जाते.

या यशामुळे भांडवलदार आकृष्ट झाले. वामन श्रीधर आपटे आणि मुंबईतील काही व्यापारी यांच्या भागीदारीत १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. त्या वर्षी श्रीकृष्णजन्म आणि पुढच्या वर्षी कालियामर्दन प्रदर्शित झाला. बाळकृष्णाची भूमिका केली ती फाळक्यांची सात-आठ वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने. कालियामर्दनाच्या आरंभीच फाळके या मुलीचा चेहरा आणि त्यावर उमटणारे निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवतात आणि त्यानंतर तिचे कृष्णात रूपांतर होते. ही घरातली मुलगी आहे, हे आधी सांगून मग तिला देव करण्याचे धाडस या कलावंताने केले. प्रेक्षकांची भक्ती त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

घरातून चाललेल्या कामाची मात्र आता कंपनी झाली होती. खर्चाचे हिशेब, वेळापत्रके आणि भागीदारांची मते फाळक्यांना मानवेनात. पूर्वी पैसा नसे, पण शेवटचा शब्द त्यांचा असे. आता पैसा होता आणि शब्द इतरांचा होता. मतभेद विकोपाला जाऊन ते कंपनीतून बाहेर पडले आणि कुटुंबासह काशीला गेले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. तेही अपेक्षेप्रमाणे चालले नाही. काही काळाने ते कंपनीत परतले खरे, पण ते पगारी म्हणून. चित्रपट पुष्कळ काढले. पूर्वीची जादू कमी झाली. १९३१ मध्ये आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा सेतुबंधन मूकपट म्हणूनच तयार झाला होता. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट दिग्दर्शित केला आणि ते निवृत्त झाले. १९ वर्षांत सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट देणाऱ्या या माणसाचा अखेरचा काळ नाशिकमध्ये विपन्नावस्थेत गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी जन्माला घातलेला व्यवसाय भरभराटीत होता आणि त्याला आपल्या जन्मदात्याची फारशी आठवण नव्हती.

आठवण नंतर झाली. १९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. सरस्वतीबाईंचे नाव मात्र या गौरवात अभावानेच ऐकू येते. दादासाहेबांची प्रतिभा थोर होतीच. पण फिल्मला छिद्रे पाडणारे आणि उन्हात चादर धरणारे हात घरातून मिळाले नसते, तर ती प्रतिभा एखाद्या वहीत आराखड्यांच्या रूपाने पडून राहिली असती. कंपनीने त्यांना पगारी माणसे आणि भांडवल दिले. घराने दिले ते कोणतीही कंपनी पगारावर विकत घेऊ शकत नाही.

फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांची रिळे काळाच्या ओघात नष्ट झाली. राजा हरिश्चंद्राचा काही भाग आणि कालियामर्दनाचा बराचसा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केला आहे. त्यात मंदाकिनी आजही पडद्यावर येते, हसते, रुसते आणि पाहता पाहता कृष्ण होते.