फाइनमन, पंचकार्डं आणि ६५,५३६ प्रोसेसर

दसरा-दिवाळी झाली की आमच्या तिसगावावरून उसाच्या पट्ट्याकडे जाणाऱ्या गाड्या दिसायला लागतात. पाथर्डी तालुका हा ऊसतोड कामगारांचा तालुका. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि असे पाच-दहा कोयते मिळून एक टोळी. कुणी ऊस तोडायचा, कुणी मोळी बांधायची, मग सगळ्यांनी मिळून गाडी भरायची. पॅरलल कॉम्प्युटिंग म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो. एक मोठं काम, त्याचे तुकडे, आणि एकाच वेळी राबणारे पुष्कळ हात. अडचणीसुद्धा त्याच. कोयते दुप्पट केले म्हणून ऊस दुप्पट वेगानं कारखान्यात पोचत नाही, कारण गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागलेली असते.

एक फरक मात्र आहे. फडात काम कसं लावायचं हे ऊस तोडणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं कळतं, आणि टोळीत त्याचं ऐकलंही जातं. आमच्या धंद्यात तसं होतंच असं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक टूल लिहिलं होतं. रात्रभर चालणाऱ्या कामाचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर वाटून द्यायचं. डेमो झकास झाला. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी दोन आठवड्यांत ते सोडून दिलं आणि ते परत आपल्या जुन्या स्क्रिप्टकडे वळले. कारण साधं होतं. मध्येच एखादा तुकडा बिघडला तर त्यांना तेवढाच परत चालवायचा असायचा. माझं टूल मात्र सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

नंतर वाचनात आलं की नेमकी हीच अडचण १९४५ च्या सुमाराला पंचकार्डांची चळत घेऊन बसलेल्या काही पोरांनी सोडवली होती. त्यांचे साहेब होते रिचर्ड फाइनमन. नोबेलवाले, बोंगो वाजवणारे, तिजोऱ्या उघडणारे फाइनमन आपल्याला माहीत असतात. आज त्यांची कॉम्प्युटरची बाजू बघू.

रेडिओ ते लॉस अलामोस

फाइनमन यांचा जन्म ११ मे १९१८ चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी शेजारपाजारच्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. १९३९ मध्ये एमआयटीतून पदवी, १९४२ मध्ये प्रिन्स्टनमधून डॉक्टरेट. त्याच वर्षी आर्लीन यांच्याशी लग्न झालं. त्यांना क्षयरोग होता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. १९४३ मध्ये फाइनमन न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर गेले. आर्लीन यांना अल्बुकर्कीच्या दवाखान्यात ठेवलं. सुट्टीच्या दिवशी मिळेल त्या गाडीनं त्यांना भेटायला जायचं, असं दोन वर्षं चाललं.

लॉस अलामोसला गणितांचा डोंगर होता. सुरुवातीला ती हातानं चालवायच्या मर्चंट कॅल्क्युलेटरवर व्हायची. या यंत्रांवर काम करणाऱ्यांना कॉम्प्युटर म्हणायचे. त्यात शास्त्रज्ञांच्या बायकाही होत्या. यंत्रं सारखी बिघडायची, तेव्हा फाइनमन आणि निकोलस मेट्रोपोलिस ती स्वतःच उघडून दुरुस्त करायचे.

मग आयबीएमची पंचकार्डांवर चालणारी यंत्रं मागवायचं ठरलं. ती आजच्यासारखी एकाच डब्यात सगळं करणारी नव्हती. एक यंत्र बेरीज करायचं, एक गुणाकार, एक कार्डं क्रमानं लावायचं. प्रत्येक कार्डावर स्फोटाच्या गणितातल्या एका बिंदूची माहिती. सगळी चळत सगळ्या यंत्रांमधून फिरली की काळ एक पाऊल पुढे सरकायचा. यंत्रं यायला वेळ होता. तोपर्यंत ही पद्धत चालते का हे बघायचं कसं? माणसांवर. एका खोलीत कॅल्क्युलेटर घेऊन मुली बसवल्या. एकीनं फक्त गुणायचं, दुसरीनं फक्त बेरीज करायची, आणि कार्ड पुढच्या टेबलावर सरकवायचं. आज आपण ज्याला पाइपलाइन म्हणतो तीच ही. वेग आयबीएमच्या यंत्रांकडून अपेक्षित होता तेवढाच भरला. फरक एवढाच की मुली दमायच्या आणि यंत्रं दमत नाहीत.

यंत्रं खोक्यांतून सुटी आली, जोडणारा कारागीर अजून आलाच नव्हता. फाइनमन आणि मंडळींनी ती स्वतःच जोडायला घेतली. हे काम बघणारे स्टॅनली फ्रँकेल मात्र यंत्रांच्या इतक्या नादी लागले की मूळ गणितं बाजूलाच राहिली. (ही सवय आपल्यालाही आहे. काम सोडून एडिटरची थीम बदलत बसलेला इंजिनिअर तुम्ही पाहिलाच असेल.) शेवटी या गटाची जबाबदारी फाइनमन यांच्याकडे आली.

यंत्रं चालवायला सैन्यानं हुशार, नुकतीच शाळा संपवलेली पोरं निवडून पाठवली होती. त्यांना एका बराकीत ठेवलेलं. समोर आकडे भरलेली कार्डं, हातात सूचना. हे आकडे कशाचे हे कुणी सांगितलेलं नव्हतं. गुप्ततेचा नियमच तसा होता. काम रखडत चाललं होतं. नऊ महिन्यांत तीन गणितं झाली होती.

फाइनमन यांचं म्हणणं असं की या पोरांना आपण काय करतोय हे कळलंच पाहिजे. ओपनहायमर यांच्यामार्फत सुरक्षावाल्यांची परवानगी काढली, आणि पोरांना बसवून सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर चित्रच पालटलं. पोरं स्वतःहून रात्री थांबायला लागली, त्यांना देखरेखीची गरजच उरली नाही. पद्धतीतले दोष त्यांनीच शोधले आणि नवे प्रोग्रॅमही त्यांनीच बसवले. पुढच्या तीन महिन्यांत नऊ गणितं झाली. हिशोब केला तर वेग नऊपट.

यातली पहिली युक्ती रंगीत कार्डांची. चळत गुणाकाराच्या यंत्रावर असताना बाकीची यंत्रं रिकामीच असायची. मग दुसऱ्या गणिताची दुसऱ्या रंगाची चळत मागोमाग सोडायची. दोन-तीन गणितं एकाच वेळी, वेगवेगळ्या टप्प्यांवर. आजच्या प्रोसेसरमध्ये नेमकं हेच चालतं.

दुसरी युक्ती वाचून मला माझं ते बंद पडलेलं टूल आठवलं. चळत कितीतरी फेऱ्या फिरल्यावर कळायचं की मागे एका कार्डावर चूक झाली होती. आता सगळं पहिल्यापासून? पोरांच्या लक्षात आलं की एका बिंदूची चूक एका फेरीत फक्त शेजारच्या बिंदूंपर्यंतच पोचते. म्हणजे थोड्या फेऱ्यांनंतरही बिघडलेली कार्डं मोजकीच असतात. तेवढ्यांचीच दुसऱ्या रंगाची छोटी चळत करायची. चळत छोटी, म्हणून ती झरझर फिरते आणि मोठ्या चळतीला गाठते. गाठली की चुकीची कार्डं काढून बरोबरची घालायची. मोठी चळत मधल्या काळात थांबत नाही.

१६ जून १९४५ रोजी आर्लीन गेल्या. फाइनमन मित्राची गाडी मागून घेऊन अल्बुकर्कीला गेले होते. पहिली अणुचाचणी महिन्यावर आलेली, आणि बॉम्बमधून किती ऊर्जा निघेल हे त्याआधी हवं होतं. परत आले तर खोलीत पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या कार्डांचा गोंधळ दिसला. एका वेळी एकच गणित करायचं ठरलेलं, मग हे काय? ते बोलायला लागले, तर पोरांनी त्यांना बाहेर काढलं, नंतर सांगतो म्हणाले. मोठ्या गणितात चूक सापडली होती, आणि छोट्या चळती मागून सोडून ती दुरुस्त करणं चालू होतं. साहेब गप्प बाहेर गेले.

ज्या उद्देशानं ती पोरं झपाटली तो हिरोशिमा आणि नागासाकीपर्यंत गेला. हे लिहिताना अस्वस्थ वाटतंच. फाइनमनही युद्धानंतर बरेच दिवस खचलेले होते. पण काम करणाऱ्याला कामाचा हेतू सांगितल्यावर काय होतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि ते विसरले नाहीत.

पासष्टीतली उन्हाळी नोकरी

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्यांवर पुष्कळ लिहिलेलं आहे. कॉर्नेल, मग १९५० पासून कॅलटेक, १९६५ मध्ये श्विंगर आणि तोमोनागा यांच्यासोबत नोबेल. १९८१ मध्ये निसर्गाची नक्कल कॉम्प्युटरवर कशी करता येईल यावरचं त्यांचं गाजलेलं भाषण झालं. क्वांटम कॉम्प्युटरच्या इतिहासात ते नेहमी येतं.

१९८३ मध्ये डॅनी हिलिस हा एमआयटीचा संशोधक विद्यार्थी एक कंपनी काढायच्या तयारीत होता. नाव थिंकिंग मशीन्स. दहा लाख बारके प्रोसेसर असलेला एक कॉम्प्युटर बांधायचा, ही कल्पना. फाइनमन यांचा मुलगा कार्ल त्याच्या ओळखीचा होता. जेवताना ही कल्पना ऐकून फाइनमन यांनी तिची मनसोक्त टर उडवली, आणि मग उन्हाळ्यात तिथं काम करायला तयार झाले.

ठरलेल्या दिवशी पासष्ट वर्षांचे नोबेलविजेते दारात येऊन सैनिकासारखा सलाम ठोकून उभे राहिले. पोरांची धांदल उडाली. सल्लागार म्हणून काहीतरी भारदस्त काम सांगून पाहिलं, पण त्यांना खरं काम हवं होतं. तेव्हा त्यांना ऑफिसचं सामान आणायला दुकानात पाठवलं!

नंतर राउटरचं काम दिलं. प्रत्यक्षात बांधलेल्या कनेक्शन मशीनमध्ये ६५,५३६ प्रोसेसर होते. एका चिपवर १६, अशा ४,०९६ चिपा. प्रत्येक चिप दुसऱ्या १२ चिपांना जोडलेली. या जाळ्यातून निरोप फिरवायचं काम राउटरचं. वाटेत गर्दी झाली तर निरोप थोडा वेळ ठेवायला बफर लागतात. प्रत्येक चिपवर किती? इंजिनिअरांच्या हिशोबानं सात. फाइनमन यांनी भौतिकीच्या सवयीनं समीकरणं मांडली आणि पाच पुरतील म्हणाले. कुणाला ती पद्धत पटेना, म्हणून सातच ठेवले. पुढे चिप छापता येणार नाही इतकी मोठी झाली, नाइलाजानं पाचवर यावं लागलं, आणि मशीन व्यवस्थित चाललं.

किस्सा म्हणून हेच सांगितलं जातं. मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. कंपनीतलं वातावरण सैल बघून त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. एक, लॉस अलामोससारखं प्रत्येक भागाला एक जाणकार गटप्रमुख नेमायचा. दोन, ज्यांच्याकडे या मशीनला साजेसं काम आहे अशा बाहेरच्या लोकांना नियमित व्याख्यानाला बोलवायचं. तेही नव्या प्रकारचं काम करणारे, कारण मशीन कसं असावं याबद्दल ते कमी हट्टी असतात. मशीन अजून कागदावरच होतं, आणि वापरणारे खोलीत येऊन बसले होते.

पहिले पाहुणे जॉन हॉपफिल्ड. न्यूरल नेटवर्कवर काम करणारे. तेव्हा तो विषय कुणी फारसा मनावर घेत नसे. याच कामासाठी हॉपफिल्ड यांना २०२४ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं नेटवर्क या मशीनवर कसं बसवायचं हे फाइनमन यांनी बारकाईनं लिहून काढलं. एका न्यूरॉनला एक प्रोसेसर. त्यात लॉगरिदम काढायची एक पद्धत होती, लॉस अलामोसच्या दिवसांत त्यांनीच शोधलेली. तिचा त्यांना विशेष अभिमान होता.

मग ते स्वतःच युजर झाले. मशीनची भाषा होती लिस्प, आणि फाइनमन यांना नीट येत होतं ते बेसिक. म्हणून त्यांनी बेसिकचीच एक पॅरलल आवृत्ती मनानं तयार केली, तिच्यात क्वार्कांच्या भौतिकीचा एक प्रोग्रॅम लिहिला, आणि कागदावर हातानं चालवून वेळ मोजली. दशांश आकड्यांसाठी या मशीनमध्ये खास सोय नव्हती. तरीही हिशोब असा निघाला की कॅलटेकमध्ये याच गणितासाठी बांधत असलेल्या मशीनला हे मागे टाकेल. तोपर्यंत कंपनीचा भर कृत्रिम बुद्धिमत्तेवर होता. त्या दिवसापासून फाइनमन यांनी वैज्ञानिक गणितांसाठी तगादा लावला. १९८७ च्या पुढच्या मॉडेलमध्ये दशांश आकड्यांसाठी वेगळ्या चिपा आल्या.

१९८६ मध्ये चॅलेंजर अपघाताच्या चौकशीतही त्यांची हीच रीत दिसली. साहेबांच्या बैठका सोडून ते तंत्रज्ञ आणि इंजिनिअर यांच्याकडे गेले. यान कोसळण्याची शक्यता व्यवस्थापन लाखात एक धरत होतं, तर इंजिनिअर शंभरात एकच्या आसपास.

१५ फेब्रुवारी १९८८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये कॅन्सरनं त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅक सुरू झालं, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तोही पॅरललच. ट्रान्सप्युटर नावाच्या, एकमेकांशी थेट बोलणाऱ्या चिपा जोडून केलेला. त्यावर प्रोग्रॅम लिहिण्यासाठी परास नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्या काळात दर कंपनीच्या मशीनची आपापली पद्धत होती. मशीन बदललं की शास्त्रज्ञानं प्रोग्रॅम परत लिहायचा. हे त्रांगडं सुटलं ते मशीन बनवणारे आणि वापरणारे एका टेबलावर आल्यावर. १९९२ पासून सुमारे ४० संस्थांमधले ६० लोक बसले, आणि १९९४ मध्ये एमपीआय हे मानक आलं. आज परमच्या नव्या मशीनवर हवामानाचा किंवा रसायनशास्त्राचा प्रोग्रॅम चालतो तो बहुतेक वेळा एमपीआयवरच.

थिंकिंग मशीन्सचं त्याच वर्षी, १९९४ मध्ये, दिवाळं निघालं. पण तिची एक खूण तुम्ही पाहिली असण्याची शक्यता आहे. ॲपलच्या थिंक डिफरंट जाहिरातीत फाइनमन यांचा एक फोटो होता. त्यात त्यांच्या अंगात एक टीशर्ट आहे, आणि त्यावर घनात घन गुंतलेली रेषांची आकृती. ती कनेक्शन मशीनच्या जाळ्याची आहे, ज्याच्या प्रत्येक चिपवर शेवटी पाच बफर बसले.